खडकात पाणी थांबेना

आंटी गेली तेव्हापासून तिच्या घरात तिचं नाव कुणी घेत नाही. त्यांच्यात, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी लोकांत, गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. तिच्या लेकीने मला फोनवर तेवढंच सांगितलं, "आता नुसतं आंटी म्हण." म्हणून इथेही आंटीच. तसं आमच्या डायलिसिस वॉर्डात सगळे तिला तेच म्हणत. वयाने मोठ्या बाईला आंटी म्हणायचं, हे मला ऑस्ट्रेलियात येऊन शिकावं लागलं नाही.

पर्थपासून आत, गव्हाची शेतं संपून लाल माती आणि खुरटी झाडं सुरू होतात तिथल्या एका खाणीच्या गावात आम्ही काही वर्षं राहिलो. नवरा मायनिंग इंजिनीयर, नागपूरला शिकलेला. खडकात भोकं कुठे पाडायची, त्यांत दारू किती भरायची, कधी उडवायचं, हे ठरवणं त्याचं काम. मी नर्स. गावात नळाला पाणी होतं, पण ते पर्थकडच्या डोंगरातल्या धरणातून शेकडो किलोमीटर पाइपातून यायचं. गावाखालच्या जमिनीतही पाणी आहे, पण ते समुद्राहून खारट. पहिल्या आठवड्यात शेजारणीने मला हे सांगितलं आणि वर म्हणाली, "शॉवर लवकर आटप, मेट."

आंटी दिवसाआड यायची. खिडकीजवळची खुर्ची तिची. हातावर सुया लावून मशीन सुरू केलं की चार-पाच तास ती तिथे बसून राहायची, पायांवर घरचं ब्लँकेट. तिला पाणी मोजून प्यावं लागे. किडनी बंद पडलेल्या माणसाला तहान सगळ्यात जास्त छळते. ती बर्फाचा खडा तोंडात धरून बसायची आणि मला प्रश्न विचारायची. भारतात कुठे राहत होतीस, तिथे कांगारू नाहीत तर मग काय आहे, आई आहे का, किती लांब आहे.

एकदा तिने विचारलं, "तुझा नवरा कुठे खणतो?"

मी खाणीचं नाव सांगितलं. गावापासून तास-सव्वा तासावर ती लिथियमची खाण होती, तेव्हा नवीनच सुरू झालेली.

"तो आमचा भाग," ती म्हणाली. रागाने नाही. एखादीने आपलं माहेर कुठलं ते सांगावं तसं. "माझ्या आजोबांचा रॉकहोल आहे तिथे."

मला रॉकहोल म्हणजे काय ते कळलं नाही. तिने ते अर्धा तास समजावलं. त्या भागात नदी नाही, ओढा नाही. मोठमोठे बोडके ग्रॅनाइटचे खडक जमिनीतून वर आलेले असतात. पाऊस थोडाच, पण पडला की खडकावरून ओघळत खळग्यांमध्ये जमतो. काही खळगे माणूसभर खोल आणि तोंड मात्र घमेल्याएवढं. त्यावर चपटा दगड ठेवला की पाणी उन्हाने उडत नाही आणि जनावर आत पडून सडत नाही. तिचे आजी-आजोबा असे एका खळग्याकडून दुसऱ्याकडे चालत जायचे. कुठला कधी भरलेला असेल हे त्यांना ठाऊक असायचं. प्रत्येक रॉकहोल एकेका घराण्याने सांभाळलेला. गाळ काढायचा, दगड जागेवर ठेवायचा, पोरांना दाखवून ठेवायचा.

"लिथियम कशाला लागतं गं?" तिने शेवटी विचारलं.

"फोनला. गाड्यांच्या बॅटरीला."

तिने ब्लँकेटवरचा आपला जुना फोन उचलून पाहिला आणि परत ठेवला.

त्या जुलैत ती मला तिथे घेऊन गेली. तिकडे जुलै म्हणजे कडक थंडी. तिची लेक शाळेत मदतनीस होती. शनिवारी तिच्या गाडीत आम्ही तिघी निघालो. लेक माझ्याच वयाची, कमी बोलणारी. डांबरी रस्ता संपल्यावर खाणीकडे जाणारा रुंद मातीचा रस्ता लागला. त्यावर टँकर पाणी मारत चालला होता, धूळ उडू नये म्हणून. "खणताना जमिनीतून वर येतं ते खारं पाणी," लेक म्हणाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरा थर धरला होता आणि त्यातली झुडपं वाळून गेली होती.

आम्ही आडवाटेला वळून खडकापाशी थांबलो. आंटी गाडीतून उतरली आणि लांबूनच मोठ्याने आपल्या भाषेत बोलायला लागली, जणू घराबाहेरून कुणाला हाक मारत होती. "कोण आलंय ते सांगतेय," लेक म्हणाली. मग आंटीने मला एक खडा उचलायला लावला, तळव्यात चोळायला लावला आणि आत टाकायला सांगितला. "तुझा वास कळू दे."

आम्ही दोघींनी मिळून दगड सरकवला. खाली काळंभोर पाणी होतं. त्यात एक वाळकी फांदी तिरकी सोडलेली होती, सरडा-पाल पडलीच तर तिला चढून येता यावं म्हणून. लेकीने पातेल्याने पाला आणि गाळ काढला. मीही बाह्या सरसावून बसले. पाणी इतकं गार होतं की बोटं दुखली. आंटी खडकावर बसून सूचना देत होती आणि आम्ही चुकलो की हसत होती. मी तिला वॉर्डात कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटी तिने ओंजळ पुढे केली. मी लेकीकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

"एकच," मी म्हणाले.

"नर्स, तुला आज सुट्टी आहे," आंटी म्हणाली आणि दोन ओंजळी प्यायली. मग मला दिली. त्या पाण्याला दगडाची आणि पानांची चव होती. मला ते आवडलं.

पुढच्या वर्षी खाण वाढली. खड्डा त्या बाजूला सरकला. कंपनीने रॉकहोलभोवती तारेचं कुंपण घातलं आणि पाटी लावली की ही जागा जतन केलेली आहे, आत जाऊ नये. नवरा मला म्हणाला, "बघ, कुंपण घातलंय. काळजी घेतात गं." त्याला खरंच तसं वाटत होतं. कुंपणाची किल्ली मात्र कंपनीकडे होती. गाळ काढायला जायचं तर आधी फोन करायचा, मुख्य गेटवर सह्या करायच्या, सुरक्षेची चित्रफीत बघायची, पिवळी जाकिटं, हेल्मेट आणि गॉगल घालायचे, आणि कंपनीचं माणूस सोबत असेल तेव्हाच जायचं. त्या जुलैत आम्ही तसंच गेलो. आंटीला जाकीट ढगळ होत होतं. सोबत आलेली मुलगी चांगली होती, वागायला नम्र. आंटीने लांबून हाक मारायला सुरुवात केली तेव्हा ती मुलगी गांगरली. आपणही थांबायचं की चालत राहायचं तेच तिला कळेना. आंटीची हाक अर्ध्यावरच थांबली.

पाणी तेव्हाही होतं. थोडं कमी वाटलं, पण पाऊसही कमी झाला होता.

त्यानंतरच्या मार्चमध्ये उत्तरेकडच्या वादळाचं शेपूट आमच्याकडे आलं. दोन दिवस सरळ पाऊस. गावातले रस्ते वाहत होते, शाळा बंद होती. तिसऱ्या दिवशी आंटी खुर्चीत बसली तीच खुशीत. "आता भरला असेल काठोकाठ." लेकीने गेटवर फोन केला. परवानगी मिळेपर्यंत दहाएक दिवस गेले.

दगड सरकवला तर आत पाणी नव्हतं.

तळाशी ओला गाळ होता आणि ती फांदी आडवी पडलेली. लेकीने टॉर्च आत धरला. एका बाजूने, कमरेएवढ्या खोलीवरून, एक भेग तळाकडे गेली होती. फार मोठी नव्हती. बोटाचं नख आत गेलं असतं एवढीच. पाणी तिथून हळूहळू पाझरून गेलं होतं. आंटी वाकून बराच वेळ बघत राहिली. मग आम्हाला दगड परत जागेवर ठेवायला सांगितला. रिकाम्या खळग्यावर दगड कशाला, असं मनात आलं, पण ठेवला.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं. तो कणीक मळत होता. माझी शिफ्ट असो-नसो, पोळ्या तोच करायचा.

"तुमचं ब्लास्टिंग तिथून किती लांब असतं?"

"नियमात बसतं तेवढं."

"म्हणजे किती?"

"अगं, मीटर लावलेत ना. हादरे मोजतात. सगळं मर्यादेत आहे."

"मीटर कुठे लावलेत?"

त्याचे हात थांबले. "क्रशरपाशी. आणि कॅम्पपाशी, लोक झोपतात तिथे."

"रॉकहोलपाशी?"

"तिथे लावायला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "मीही विचारलं नव्हतं."

माझं बालपण वणी आणि घुग्गुसच्या मधल्या एका गावात गेलं. गावाला लागून कोळशाची ओपनकास्ट, म्हणजे उघड्यावरची खाण. दुपारी भोंगा झाला की आई फळीवरचे काचेचे पेले खाली उतरवून ठेवायची. मग धाड व्हायचं, भांडी किणकिणायची आणि आई पेले परत वर लावायची. घराच्या भिंतीला भेगा होत्या. वडील दर दिवाळीला त्या सिमेंटने बुजवून वरून चुना मारायचे. गावातल्या विहिरी एकेक करून खाली गेल्या. वडील शिक्षक, ते चार माणसं घेऊन साहेबांना भेटायला गेले तेव्हा साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, गुरुजी, यंदा उन्हाळाच कडक आहे. मग टँकर सुरू झाला. मी टँकरच्या रांगेत हंडा लावूनच मोठी झाले. नवऱ्याला हे सगळं माहीत होतं. त्याचेही काका त्याच खाणीत होते आणि त्या पगारावर त्यांच्या घरातली तीन मुलं शिकली. आमच्या भागात खाणीला शिव्या देणारं आणि खाणीचं खाणारं घर बरेचदा एकच असायचं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो आमच्याबरोबर आला. सुट्टीतही त्याने कंपनीचं जाकीट घातलं होतं, त्यामुळे गेटवर वेळ लागला नाही. त्याने पालथं पडून टॉर्च आत घातला, भेगेवरून बोट फिरवलं, बाहेरून खडकाला चक्कर मारली. आंटी सावलीत बसली होती.

"स्फोट तूच करतोस?" तिने विचारलं.

"हो."

"मग सांग."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "मला खात्रीने नाही सांगता येत, आंटी. खडकात भेगा असतातच. ही आधीची असेल आणि आता रुंदावली असेल. स्फोटाने असेल, उन्हाने असेल."

"ऊन माझ्या आजोबांच्या वेळीही होतं," आंटी म्हणाली.

तो मातीकडे बघत राहिला.

त्याने साहेबांना मेल केला, हे मला माहीत आहे. त्यानंतर रॉकहोलपाशी एक मीटर लागला आणि एक तज्ज्ञ बोलावला गेला. दोनेक महिन्यांनी गावातल्या हॉलमध्ये बैठक झाली. टेबलावर सँडविच आणि कलिंगडाच्या फोडी. तज्ज्ञाने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की भेग नैसर्गिक आहे, ग्रॅनाइटमध्ये अशा असतात, आणि नव्या मीटरवर काहीच सापडलेलं नाही. आंटीच्या लेकीने हात वर केला.

"आधीचा फोटो आहे का? आतला?"

तज्ज्ञाने कागद चाळले. खाण वाढवण्याआधीच्या पाहणीत फोटो काढले होते, पण ते वरून, दगड जागेवर असताना. आतला फोटो नव्हता.

"मग आधी भेग होती हे कशावरून?"

"नव्हती हेही सांगता येत नाही," तो म्हणाला. सौजन्याने म्हणाला.

आंटी उभी राहिली. "दोन हिवाळ्यांमागे आम्ही ते पाणी प्यायलो, मागच्या हिवाळ्यातही ते होतं," ती म्हणाली. माझ्याकडे बोट दाखवलं. "हीसुद्धा." हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. कंपनीच्या टेबलावर कडेला माझा नवरा बसला होता. कुणीतरी आमचं म्हणणं लिहून घेतलं.

कंपनीने दोन गोष्टी देऊ केल्या. भेगेत रसायन भरून ती बुजवून देतो. किंवा शेजारी प्लास्टिकची मोठी टाकी बसवतो, ती आमचा टँकर भरत राहील. भेग बुजवायला आंटीने साफ नकार दिला. कारण तिने कुणालाच सांगितलं नाही आणि लेकीनेही विचारलं नाही. टाकी आली. हिरवी, खाली तोटी असलेली, वर कंपनीचं चिन्ह. पुढच्या जुलैत आम्ही गेलो तेव्हा आंटीने तोटी उघडून हातावर पाणी घेतलं. पाणी कोमट होतं.

"गावातल्या नळाचंच आहे," ती म्हणाली आणि तोटी बंद केली. त्या दिवशी गाळ काढायचा नव्हता, त्यामुळे आम्ही लवकर परतलो.

मग लिथियमचा भाव पडला. वॉर्डात, सुपरमार्केटमध्ये, सगळीकडे तेच बोलणं. एका सकाळी नवरा कामावर गेला आणि दुपारच्या जेवणाला घरी आला, बूट दारात काढले आणि सोफ्यावर बसला. खाण तूर्त बंद. सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितलं होतं. साहेबाने प्रत्येकाशी हात मिळवला म्हणे. निघताना एका कागदावर सही घेतली होती, की कामाबद्दल बाहेर काही बोलणार नाही. तेव्हा आम्ही दोघांनीही त्याकडे लक्ष दिलं नाही.

स्फोट थांबले, टँकर थांबला. पाणी उपसणारे पंप बंद केल्यावर खड्ड्यात तळातून खारं पाणी चढायला लागलं. नवरा म्हणाला, "भरेल हळूहळू. तळं होईल." मी विचारलं, "पक्षी येतील?" तो म्हणाला, "येतील. प्यायला उतरतील, तीच तर पंचाईत आहे."

त्याच सुमारास आंटी मला म्हणाली, "पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही."

मला आधी वाटलं, पर्थला लेकीबरोबर जाणार असेल. मग तिचा चेहरा पाहिला. डायलिसिस थांबवायचं ठरवण्याचा हक्क रुग्णाला असतो. डॉक्टर येऊन बोलले, सोशल वर्कर बोलली, लेक रडली. आंटी सगळ्यांचं ऐकून घेत होती. मी सुया काढताना तिला हळूच विचारलं, "रॉकहोलमुळे?"

"नाही गं. थकले. किती वर्षं झाली या खुर्चीत." तिने कापूस दाबून धरला. "पण मला शेवटी तिथे जाऊन राहायचं होतं. माझी आजी तिथेच गेली. आता तिथे काय आहे? पोरांनी पाणी कुठून प्यायचं, मला बघायला आले तर?"

तिला लेकीच्या घरी ठेवलं. मी ड्यूटी संपली की जायचे. पाण्याचं बंधन आता नव्हतं. ती हवा तेवढा चहा प्यायची, साखर घालून, मोठ्या पत्र्याच्या मगातून. पाय सुजत गेले, श्वास जड झाला. शेवटच्या दोन दिवसांत ती आपल्या भाषेतच बोलत होती आणि ती समजणारी लेकीखेरीज घरात एकच म्हातारी होती, तिची चुलत बहीण. एका दुपारी ती गेली.

अंत्यविधी बऱ्याच आठवड्यांनी झाला. लांबलांबून माणसं येईपर्यंत थांबावं लागतं. नवराही आला. त्याला कुठे उभं राहावं कळत नव्हतं, म्हणून तो खुर्च्या लावत राहिला, मग उचलत राहिला. लेकीने मला मिठी मारली. त्याच्याकडे पाहून तिने फक्त मान हलवली. घरी येताना तो म्हणाला, "एवढं तरी केलं तिने."

आता आम्ही सिडनीत, टूनगॅबीला राहतो. नवरा मेट्रोच्या बोगद्याच्या कामावर आहे. आमच्या मराठी मंडळींचं शनिवारी कुणाकडे तरी जेवण असतं आणि हल्ली प्रत्येक जेवणात घरच्या बॅटरीचा विषय निघतो. सोलर बसवलं का, बॅटरी घेतली का, सरकार किती देतं. एका मित्राने माझ्या नवऱ्याला हाक मारली, "अरे लिथियमवाले, तू सांग ना, कुठली घेऊ?" नवऱ्याने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. त्याचं सांगणं बरोबरच होतं. मी ताटं उचलायला आत गेले.

गेल्या वर्षी आंटीच्या लेकीचा फोन आला. भाव परत चढतोय, खाण पुन्हा सुरू करायची म्हणतात. त्यासाठी नव्याने सुनावणी आहे, ऑनलाइन बोलता येईल. "तू प्यायली होतीस ते सांगशील?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. मग तिने चाचरत विचारलं, "आणि तो? मीटर कुठे होते, तेवढंच."

फोन स्पीकरवर होता. नवऱ्याने ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहून मान नकारार्थी हलवली आणि ओठांनीच म्हणाला, "सही केलीय गं." मी तिला सांगितलं, त्याला जमणार नाही. ती "नो वरीज" म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

सुनावणीत मला बोलायला मोजकी मिनिटं मिळाली. मी सांगितलं की जुलैत गाळ काढला, पाणी प्यायलो, चव अमुक होती. पडद्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "आपण खडकांच्या अभ्यासक आहात का?" मी म्हणाले, नाही, नर्स आहे. त्यांनी माझे आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं.

परवानगी मिळाली. अटींमध्ये कुंपण आहे, मीटर आहे आणि टाकी आहे. आंटीच्या लेकीशी परवा बोलले तेव्हा तिकडे चांगला पाऊस झाला होता. मी विचारलं, "गेली होतीस का?"

"नाही," ती म्हणाली. "माझी मुलं म्हणाली, तिथे आता काय बघायचंय." मग ती शाळेबद्दल बोलत राहिली, कुणाला ताप आहे, कुणाचं दुकान बंद झालं. मी ऐकत राहिले.